मनातलं कौतुक मनातच का राहतं?

एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीचं एक ताजं अपडेट काही दिवसांतच मागे घेतलं. कारण काय, तर त्या अपडेटनंतर चॅटबॉट लोकांची अतीच हांजी हांजी करायला लागला होता, कुणी कसलीही अर्धवट कल्पना टाइप केली की वा वा, काय जबरदस्त विचार आहे तुमचा असं सुरू. लोक वैतागले, स्क्रीनशॉट फिरले आणि शेवटी कंपनीने मान्य केलं की हे जरा जास्तच झालं. ही बातमी वाचल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. चोवीस तास मिळणारं, न थकणारं, मागाल तेवढं कौतुक लोकांना नकोसं झालं, आणि त्याच लोकांना कधीतरी कुणीतरी मनापासून म्हटलेलं एक वाक्य वर्षानुवर्षं लक्षात राहतं. शाळेतल्या एखाद्या बाईंनी वहीवर लिहिलेला शेरा असेल, पहिल्या नोकरीत सीनियरने जाता जाता म्हटलेलं काही असेल, आठवून बघा, बहुतेकांना असं एक तरी वाक्य शब्दन् शब्द आठवतं.

मग या दोन कौतुकांत फरक काय? आणि खरं कौतुक एवढं कामाचं असेल तर आपण ते करायला इतका कचरतो का? यावर मानसशास्त्रात गेली शंभर वर्षं प्रयोग चाललेत आणि त्यातले काही निष्कर्ष आपल्या समजुतीच्या बरोब्बर उलटे आहेत. ते इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे.

आधी कौतुक म्हणजे असतं काय ते बघू

समजा तुम्ही रात्रीच्या वेळी एका अनोळखी रस्त्याने गाडी चालवताय. चुकलात तर कुणीतरी हॉर्न मारेल, ओरडून सांगेल. पण बरोबर चाललात तर कुणीच काही सांगत नाही, आणि बराच वेळ एकही पाटी दिसली नाही की आपण बरोबर असूनही वेग कमी करतो, थांबतो, कधी कधी तर चांगला रस्ता सोडून मागे वळतो. खरं कौतुक म्हणजे ती पाटी. त्याने छान वाटतं हे आहेच, पण त्याचं मुख्य काम माहिती देण्याचं आहे, की तू हे जे केलंस ते पोचलं, ते उपयोगी पडलं, असंच पुढे जा.

आणि ही माहिती ज्याला हवी असते त्याच्याकडे नसते हीच तर खरी अडचण आहे. काम करणाऱ्या माणसाला आतून काय दिसतं, तर आपली धडपड, खोडलेले मसुदे, ऐनवेळी सुचलेली जुगाडं आणि राहून गेलेल्या चुका. बाहेरून बघणाऱ्याला तयार झालेली गोष्ट दिसते. नवीन लागलेल्या मुलीला वाटत असतं की मीटिंगमध्ये आपण दोनदा अडखळलो, आणि बाकीच्यांना वाटत असतं की अरे हिने तो किचकट हिशोब पहिल्यांदाच कुणाला तरी कळेल असा मांडला. हे तिला कळणार कसं? ज्यांना माहितीये ते बोलले तरच.

दोन-तीन शब्द एकदा स्पष्ट करून घेऊ म्हणजे पुढे घोळ नको. झालेल्या गोष्टीतलं चांगलं सांगणं म्हणजे कौतुक. अजून व्हायच्या गोष्टीसाठी, बहुतेक वेळा माणूस अडकलेला असताना, बळ देणं म्हणजे प्रोत्साहन. आणि बोलणाऱ्याच्या फायद्यासाठी केलेली स्तुती म्हणजे खुशामत, मस्का, जे काय म्हणाल ते. चॅटबॉटचं जे चाललं होतं ते लोकांना का खटकलं हे आता लक्षात येईल, प्रत्येक रस्त्यावर 'बरोबर चाललात' अशीच पाटी लावली तर त्या पाटीत माहिती उरतच नाही.

मग जीभ का रेटत नाही?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. आपण कौतुक करत नाही ते आपण दुष्ट आहोत किंवा जळतो म्हणून नाही (काही जण जळतात, पण ते सोडा). बहुतेक वेळा आपला अंदाज चुकतो.

एरिका बूथबी आणि व्हनेसा बोन्स या दोन संशोधिकांनी २०२१ मध्ये याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना सांगितलं की बाहेर जा, एखाद्या अनोळखी व्यक्तीमधली तुम्हाला आवडलेली एखादी साधी गोष्ट बघा, शर्ट म्हणा काहीही, आणि ते तिला सांगा. जाण्याआधी त्यांच्याकडून अंदाज घेतला की समोरच्याला किती बरं वाटेल आणि किती वैताग येईल. मग ज्यांचं कौतुक झालं त्यांनाही विचारलं. निकाल असा आला की कौतुक करणाऱ्यांनी समोरच्याचा आनंद कमी धरला होता आणि त्याला होणारा त्रास जास्त धरला होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंदाज चुकला, आणि दोन्ही वेळा चूक अशाच दिशेने की माणूस गप्प बसेल.

आता कुणी म्हणेल अनोळखी माणसाचं जाऊ द्या, जवळच्यांबद्दल तरी आपला अंदाज बरोबर असेल. तेही नाही. त्याच वर्षी शुआन झाओ आणि निकोलस एपली यांनी एकमेकांना नीट ओळखणाऱ्या लोकांच्या जोड्या घेतल्या आणि एकाला दुसऱ्याबद्दल अशा चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या ज्या मनात आल्या होत्या पण सांगायच्या राहून गेल्या होत्या. इथेही तेच. लिहिणाऱ्याला वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्याला जास्त बरं वाटलं आणि कमी अवघडल्यासारखं झालं.

असं का होतं याचं त्यांनी दिलेलं कारण मला फार पटतं. बोलणारा विचार करतो की मला हे नीट मांडता येईल का, शब्द बरोबर येतील का, फिल्मी तर वाटणार नाही ना. ऐकणारा यातलं काहीच बघत नसतो. त्याला एवढंच जाणवतं की या माणसाने आपल्याकडे लक्ष दिलं आणि मुद्दाम येऊन सांगितलं. एकाचं लक्ष स्वतःच्या सफाईकडे, दुसऱ्याचं त्यातल्या आपुलकीकडे. त्यामुळे शब्द जुळेपर्यंत थांबू असं म्हणणारे बहुतेक लोक कायमचेच थांबतात, आणि ज्याला ते शब्द मिळायला हवे होते तो समजून चालतो की कुणाला काही वाटलेलंच नाही.

"पण कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो"

हा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात घट्ट. गंमत म्हणजे तो अनुभवातून आलेला असतो, लोक म्हणतात आम्ही स्वतः बघितलंय, शाबासकी दिली की पुढच्या वेळी काम बिघडतं आणि चार शब्द सुनावले की सुधारतं. त्यांनी बघितलेलं खरं असतं. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा असतो.

पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिकवताना ते म्हणाले की चुकांना शिक्षा करण्यापेक्षा चांगल्या कामाचं कौतुक केलं तर माणूस जास्त शिकतो. त्यावर एक मुरलेला प्रशिक्षक उठला आणि म्हणाला की माझा अनुभव एकदम उलटा आहे, एखाद्या कॅडेटने विमानाची कसरत सुंदर केली आणि मी कौतुक केलं की पुढच्या वेळी तो हमखास वाईट करतो, आणि वाईट केली म्हणून मी झापलं की पुढच्या वेळी चांगली करतो, तेव्हा आम्हाला हे शिकवू नका.

कानेमन यांना तिथेच एक गोष्ट लख्ख दिसली. कुठलीही एक कामगिरी म्हणजे त्या माणसाचं कौशल्य आणि त्यात त्या दिवसाचं नशीब मिसळलेलं असतं. वारा कसा होता, झोप झाली होती का, हात स्थिर होता का. एखाद्याने त्याच्या नेहमीपेक्षा खूपच भारी केलं असेल तर त्या दिवशी नशिबानेही साथ दिलेली असते, आणि नशीब काही दरवेळी तेवढी साथ देत नाही, म्हणून पुढची कामगिरी साधारणपणे त्याच्या नेहमीच्या पातळीकडे येते, म्हणजे खाली. खूपच वाईट झालं असेल तर पुढची वर येते. तुम्ही कौतुक करा, झापा, नाहीतर खिडकीबाहेर बघत बसा, हे होणारच. याला संख्याशास्त्रात सरासरीकडे परत येणं म्हणतात. पटवून देण्यासाठी कानेमन यांनी तिथल्या सगळ्यांना पाठमोरं उभं करून एका खुणेकडे दोन दोन नाणी फेकायला लावली आणि अंतर मोजलं. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं त्यातल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, ज्यांचं पहिलं भलतीकडे गेलं होतं त्यातले बरेच सुधारले. आणि कुणी कुणाला शाबासकीही दिली नव्हती की ओरडलंही नव्हतं.

आता हे घरी लावून बघा. मुलाला नेहमी पंचाहत्तरच्या आसपास मार्क पडतात. एकदा ९२ पडले, आईबाबांनी पाठ थोपटली, पुढच्या वेळी ७८ आले, लगेच निष्कर्ष, कौतुक केलं आणि हवेत गेला. दुसऱ्या एका परीक्षेत ५५ आले, सडकून बोलणी खाल्ली, मग ७३ आले, निष्कर्ष, बघा ओरडल्याशिवाय अभ्यासच करत नाही. खरं तर दोन्ही वेळा मूल आपल्या नेहमीच्या जागी परत आलेलं असतं. कौतुकाने ते खाली गेलं नाही, ओरडण्याने वर आलं नाही. पण आपण कौतुक करतो ते चांगलं झाल्यावर आणि ओरडतो ते वाईट झाल्यावर, त्यामुळे आयुष्य आपल्याला रोज खोटा पुरावा देत राहतं की कौतुक घातक आहे आणि रागावणं औषध. आईवडील, शिक्षक, कोच, मॅनेजर, सगळ्यांना. पिढ्यान् पिढ्या कडक वागण्यावर एवढा विश्वास टिकून राहिलाय त्यात या भासाचा वाटा किती मोठा असेल याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं, कारण याची किंमत बहुतेक वेळा लहान मुलांनी मोजलेली असते.

वर्गातली तिसरी रांग

मग नशिबाचा भाग बाजूला काढून तपासलं तर काय दिसतं? १९२५ मध्येच एलिझाबेथ हरलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे केलं होतं. चौथी आणि सहावीतली १०६ मुलं, बेरजेची गणितं, पाच दिवस. सारख्या कुवतीचे चार गट पाडले. एका गटाचं रोज सगळ्यांसमोर कौतुक, दुसऱ्याला रोज बोलणी, तिसरा गट त्याच खोलीत बसून हे सगळं ऐकतोय पण त्यांना चांगलं ना वाईट, काहीच नाही. चौथा गट वेगळ्या खोलीत, त्यांचा यात संबंधच नाही. मुळात मुलं सारखी निवडलेली, त्यामुळे एकाच गटाला नशीब साथ देतंय असं म्हणायला जागा कमी.

कौतुक झालेली मुलं सगळ्यात जास्त सुधारली आणि सुधारत राहिली. बोलणी खाणारी मुलं पहिल्यांदा एकदम सुधारली, मग ती सुधारणा ओसरत गेली. पण मला थांबवलं ते तिसऱ्या गटाने. ज्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही ती मुलं बोलणी खाणाऱ्यांपेक्षाही मागे राहिली. त्यांना कुणी एक वाईट शब्द बोललं नव्हतं. आपण बरेच जण समजतो की आपण कुणाला टाकून बोलत नाही म्हणजे आपलं वागणं ठीक आहे. शेजारच्याची पाठ थोपटली जातेय आणि आपल्याकडे नजरही जात नाही हेही माणसाला ऐकू येत असतं.

मेंदूबद्दल थोडंसं

यावर फार वेळ घालवत नाही कारण मेंदूचं नाव घेतलं की साध्या गोष्टीही उगाच भारी वाटायला लागतात. जपानमध्ये २००८ साली झालेल्या एका स्कॅनच्या प्रयोगात दिसलं की लोकांकडून चांगलं ऐकताना आणि पैसे मिळताना मेंदूतला स्ट्रायटम नावाचा एकच भाग जागा होतो. याचा अर्थ पगाराऐवजी शाबासकी द्या असा कुणीही घेऊ नये, पगार तो पगार. तिथल्याच संशोधकांचा २०१२ चा प्रयोग जास्त कामाचा आहे. ४८ जणांना ठरावीक क्रमाने बोटांनी बटणं दाबायला शिकवलं. शिकून झाल्यावर काहींचं स्वतःचं कौतुक झालं, काहींनी दुसऱ्या कुणाचं होताना बघितलं, काहींना फक्त आपला आलेख दाखवला. दुसऱ्या दिवशी अचानक पुन्हा तेच करायला लावलं तर स्वतःचं कौतुक ऐकून गेलेले लोक पुढे होते. सराव सगळ्यांचा सारखाच झाला होता.

कुठलं कौतुक उलटं पडतं

इथे मात्र सांभाळायला हवं, कारण सगळं कौतुक चांगलंच असं संशोधन अजिबात म्हणत नाही.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचे १९९८ चे प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकले असतील. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली, मग काहींना म्हटलं तू हुशार दिसतेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलेली दिसतेय. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली ज्यात सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी सुरुवातीपेक्षा खाली गेली आणि मेहनती म्हटलेल्यांची वर. आणि आपले मार्क दुसऱ्या शाळेतल्या मुलाला लिहून कळवा म्हटल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले, मेहनतीच्या गटात हे खूप कमी होतं. यावरून पुढे जे मोठे कार्यक्रम निघाले त्यांचा शाळांमधला परिणाम लहानच दिसलाय, त्यामुळे जादूची कांडी म्हणून याकडे बघू नका. पण मुद्दा कळतो. हुशार हे लेबल मुलाला जपत बसावं लागतं, मेहनत तो पुन्हा घेऊ शकतो.

दुसरा धोका म्हणजे फुगवून बोलणं. एडी ब्रुमलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेदरलँड्समध्ये मुलांना एका प्रसिद्ध चित्राची नक्कल काढायला लावली आणि एका चित्रकाराच्या नावाने चिठ्ठ्या दिल्या, काहींना 'सुंदर चित्र', काहींना 'अविश्वसनीय सुंदर चित्र', काहींना काहीच नाही. ज्या मुलांचा स्वतःवर विश्वास कमी होता त्यांनी ते अविश्वसनीय वाचल्यावर पुढची सोपी चित्रं निवडली, कारण आता एवढ्या उंचीवरून पडायची भीती. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की मोठी माणसं नेमकं अशाच मुलांचं जास्त फुगवून कौतुक करतात, बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून. हेतू चांगला, परिणाम उलटा. साधं 'छान झालंय, इथला रंग मला आवडला' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं.

तिसरा प्रकार ऑफिसात खूप चालतो, लगाम म्हणून केलेलं कौतुक. "तू एवढी चांगली आहेस ना, हे पण तूच बघ." एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की आवडीच्या कामासाठी पैसे द्यायला लागलं की त्या कामाची आतून येणारी ओढ कमी होते, पण तोंडी कौतुकाने ती टिकते, उलट वाढते. पुढच्या अभ्यासांत त्यात एक अट सापडली. 'छान केलंस' ठीक, पण 'छान केलंस, असंच करायला हवं होतं' असं म्हटलं की तो फायदा जातो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याला काही सांगितलं जातंय की आपल्याकडून काही काढून घेतलं जातंय.

दिसण्यावरून केलेल्या कौतुकाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कौतुकाने सगळ्यांना बरंच वाटतं असं संशोधन सांगतं म्हणून रस्त्यात अनोळखी बाईला थांबवून तिच्या दिसण्यावर बोलायचं, किंवा हाताखालच्या मुलीच्या कपड्यांवर, तर तसं नाही. बूथबी-बोन्स यांच्या प्रयोगात कौतुक करणारा आणि ऐकणारा एकाच लिंगाचे होते हे विसरू नका. समोरचा माणूस नको म्हणू शकत नसेल, निघून जाऊ शकत नसेल, तर ते त्याच्यासाठी ओझं आहे. कामाबद्दल बोला, निवडीबद्दल बोला.

"सारखं केलं तर किंमत राहत नाही"

हेही तपासून झालंय. झाओ आणि एपली यांनीच ओळखीच्या लोकांत पाच दिवस रोज एक कौतुक पोचवलं. लोकांचा अंदाज होता की दिवसागणिक समोरच्याला ते शिळं आणि खोटं वाटायला लागेल. तसं झालं नाही, पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखंच बरं वाटलं. यात एक बारीक गोष्ट आहे, रोजचं कौतुक वेगळ्या गोष्टीचं होतं. तेच 'ग्रेट, ग्रेट' सगळ्यांना सगळ्यासाठी म्हणत राहिलात तर ते नक्कीच घासून जाईल. किंमत कमी होते ती बघणं थांबल्यामुळे.

"मग चुका सांगायच्याच नाहीत का?"

सांगायच्या, नीट सांगायच्या. उलट ज्याला कधीच चूक दाखवली जात नाही त्याला आपल्यावर कुणाचा भरवसा नाही असं वाटू शकतं. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांवरचा. शिक्षकांनी निबंध तपासून भरपूर लाल शेरे मारले होते. संशोधकांनी काही निबंधांवर छोटी चिठ्ठी लावली, आशय असा की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू तिथवर पोचशील याची मला खात्री आहे म्हणून हे शेरे दिलेत. बाकीच्यांच्या चिठ्ठीत फक्त हे तुझ्या निबंधावरचे शेरे आहेत एवढंच. मग निबंध पुन्हा लिहायचा की नाही हे मुलांवर सोडलं. कृष्णवर्णीय मुलांमध्ये, ज्यांना शाळेवर विश्वास ठेवणं आधीच अवघड गेलं होतं, पुन्हा लिहिणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ७० च्या पुढे गेलं. मुलांची संख्या लहान होती हे खरं, पण फरक केवढा बघा. आणि शेरे तेच होते, एकही सौम्य केला नव्हता.

प्रोत्साहन म्हणजे मला हेच वाटतं. अडकलेल्या माणसाला 'होईल सगळं छान' म्हटल्याने फार काही हातात येत नाही, कारण छान कसं होणार हे त्यालाही माहीत नसतं आणि आपल्यालाही. त्यापेक्षा पुरावा द्यावा. 'गेल्या वर्षी तो गोंधळ झाला होता तेव्हा तू आधी यादी करून एकेक निपटलं होतंस, तसं इथेही करता येईल का' असं म्हटलं की त्याला स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट परत मिळते जी घाबरल्यामुळे तो विसरला होता. आठवण आपण ठेवायची, वापरणार तो. आणि ज्याचं दुःख मोठं आहे, आजार आहे, कुणी गेलंय, तिथे धीराची वाक्यं शोधू नका, जवळ बसा.

"ऑफिसात लोक चमचा म्हणतील"

म्हणू शकतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. रूस फोंक या डच संशोधिकेने १९९८ मध्ये दाखवलं की वरिष्ठांशी गोड आणि हाताखालच्यांशी तुसडं वागणारा माणूस लोकांच्या मनातून फार पटकन उतरतो. उत्तर त्यातच आहे. कौतुकाची दिशा बदला, बरोबरीच्यांचं आणि ज्युनिअर लोकांचं जास्त करा. साहेबांचं खरंच काही आवडलं तर तेही सांगा, फक्त पगारवाढीच्या आठवड्यात नको.

आणि दिशा बदलताना एक नजर अशा लोकांकडे टाका ज्यांचं काम नीट झालं की ते दिसतच नाही. सर्व्हर चालू ठेवणारा, हिशोबातल्या चुका आधीच पकडणारी, रात्रपाळीची नर्स, घरात आजारी माणसाचं औषधपाणी वर्षानुवर्षं सांभाळणारी व्यक्ती. यांच्या कामाची दखल फक्त ते बिघडल्यावर घेतली जाते, म्हणजे यांना आयुष्यभर फक्त हॉर्न ऐकू येतात. अशा माणसाला "यावेळी एकदाही सिस्टीम बंद पडली नाही, ते तुमच्यामुळे हे मला माहितीये" असं कुणी म्हटलं तर तो क्षणभर गोंधळतो, कारण हे कुणी मोजत असेल असं त्याला वाटलेलंच नसतं. इथे माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे आणि इथेच ती सगळ्यात कमी पोचते.

शेवटी, स्वतःचं कौतुक झालं तर काय करायचं

बहुतेक जण 'छे हो, काही विशेष नाही' म्हणून मोकळे होतात. अनिता पोमेरँट्झ या संशोधिकेने १९७८ मध्येच याचा उलगडा केलाय. कौतुक ऐकताना दोन नियम एकमेकांना धडकतात, समोरच्याशी सहमत व्हावं हा एक आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये हा दुसरा. हो म्हटलं तर घमेंड, नाही म्हटलं तर समोरच्याला खोटं पाडलं, म्हणून आपण विषय बदलतो किंवा लगेच परतफेडीचं कौतुक करून टाकतो. पण समोरच्याने बोलायला धीर गोळा केलेला असतो हे आता आपल्याला माहितीये, आणि झटकून टाकलं तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. त्यापेक्षा आधी थँक्यू म्हणा आणि मग त्या कामाबद्दलच एखादी खरी गोष्ट सांगा. "थँक्यू, त्या शेवटच्या भागावर खूप वेळ गेला होता, तो जमलाय की नाही कळतच नव्हतं." यात घमेंडही नाही आणि नकारही नाही, आणि सांगणाऱ्यालाही कळतं की आपण बोललो ते योग्य वेळी बोललो.